पंखा तर फिरतोय!

पूर्ण मेलेला संगणक कुणाला फार त्रास देत नाही. बटण दाबलं, काही झालं नाही. भिंतीवरचा स्विच पाहिला, वायर हलवून पाहिली, तरी काही झालं नाही, की माणूस रिक्षा बोलावतो आणि डबा दुकानात नेऊन ठेवतो. विषय संपला. छळतो तो अर्धवट चालू होणारा. त्याचा दिवा लागतो, पंखा फिरतो, आतून कुरकुर ऐकू येते, पडदा मात्र काळाच. नाहीतर कंपनीचं बोधचिन्ह दिमाखात उमटतं, खाली ठिपक्यांचं कडं गरगरू लागतं आणि गरगरतच राहतं. अशा वेळी भोवती जमलेल्यांपैकी एक जण हमखास म्हणतो, "पण पंखा तर फिरतोय!" या एका वाक्यानं मराठी माणसाचे जेवढे रविवार खाल्ले असतील तेवढे वन-डे क्रिकेटनंही खाल्ले नसतील. कारण त्या वाक्यात आशा आहे, आणि संगणकाच्या दुरुस्तीत आशेइतका महाग सुटा भाग दुसरा नाही.

वास्तविक पंखा फिरतो याचा अर्थ पंख्याला बारा व्होल्ट मिळाले, एवढाच. इतरांची खुशाली त्यातून कळत नाही. बटण दाबल्यावर संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस आधी आपले व्होल्ट स्थिर करतो आणि साधारण अर्ध्या सेकंदात मदरबोर्डाला 'पॉवर गुड' असा निरोप धाडतो. तो येईपर्यंत प्रोसेसरला बोटही हलवायची मुभा नसते. निरोप आला की तो एका चिपमध्ये लिहून ठेवलेल्या सूचना वाचू लागतो आणि हजेरी घेतो : मेमरी आहे का, डिस्प्ले आहे का, कीबोर्ड आहे का. हे सगळं दर वेळी नव्यानं. काल रात्री आपण त्याच्याकडून काय काय करवून घेतलं, याची त्याला त्या क्षणी गंधवार्ता नसते. म्हणून "अहो, कालपर्यंत तर छान चालत होता" हा आपला युक्तिवाद आपल्याला कितीही बिनतोड वाटला, तरी तिकडे तो दाखलच करून घेतला जात नाही.

गंमत अशी, की या हजेरीत पडद्याचा नंबर बराच उशिरा लागतो. त्याआधीच कुणी गैरहजर निघालं तर सांगायचं कसं? तर पीप वाजवून. १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हापासूनची ही सोय. एक आखूड पीप म्हणजे सर्व क्षेम. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेचं दुखणं. पुढे चिपमधल्या या सूचना, म्हणजे बायॉस, लिहिणाऱ्या कंपन्यांनी आपापले बोल बसवले आणि पीपचा अर्थ घराण्यागणिक बदलू लागला. दुकानदाराला फोन केला की तो पहिल्यांदा विचारणार, "पीप कसा येतोय?" मग ज्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांना गप्प बसवलं असे निवृत्त मुख्याध्यापक फोनमध्ये गंभीरपणे "पीऽऽऽप, पीप, पीप" म्हणतात. पलीकडून "सर, जरा परत म्हणा" असं आलं की घसा खाकरून परत म्हणतात. आता तेही सुख राहिलं नाही. पुष्कळ नव्या मदरबोर्डांवर स्पीकरच नसतो. त्याऐवजी प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले आणि डिस्क यांच्या नावांचे चार चिमुकले दिवे असतात. ते डब्याच्या आत. म्हणजे डबा कशासाठी उघडायचा हे डबा उघडल्यावर कळतं.

कीबोर्ड लागलेला नसला किंवा एखादी कळ दाबलेली राहिली, तर जुन्या संगणकांवर संदेश यायचा : कीबोर्डात दोष, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. यावर जगानं पोटभर हसून घेतलंय. पण कळ दाबलेली का राहते, याचं मराठी उत्तर जगाला ठाऊक नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो, आणि कचेरीत शस्त्र म्हणजे कीबोर्ड. त्यावर हळद पडते, कुंकू पडतं, अक्षता पडतात, झेंडूच्या पाकळ्या पडतात. दसऱ्याची सुट्टी संपवून माणसं कामावर येतात तेव्हा एंटरच्या खाली तांदळाचा दाणा तळ ठोकून बसलेला असतो. दुरुस्तीवाला कीबोर्ड उलटा धरून आपटतो आणि खाली पडणाऱ्या ऐवजावरून कचेरीची श्रद्धा किती वर्षांची आहे ते अचूक सांगतो.

आपटण्याची विद्या आपल्याकडे तशी जुनीच. आज पन्नाशीत असलेली पिढी ही चेतक स्कूटर तिरकी करून चालू करणारी, आणि टीव्हीला मुंग्या आल्या की त्याच्या टाळक्यात हाणणारी. टीव्हीच्या बाबतीत त्या हाणण्याला शास्त्राधार होता; आत एखादा डाख सुटलेला असायचा, तो धक्क्यानं जागेवर टेकायचा. संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये मात्र तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते, आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. तिथे थापटी बसली की मुंजीचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन आणि अर्धवट भरलेलं आयकर विवरण यांना एकदमच मुक्ती. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिला थापटीनं फारसं काही होत नाही. बरं होणंही त्यात आलंच.

आमच्या सोसायटीच्या कचेरीतला संगणक हा अर्धवट चालू होणाऱ्यांचा मेरुमणी. त्यात मेंटेनन्सची बिलं आहेत, सभांची इतिवृत्तं आहेत आणि पार्किंगच्या भांडणांचा समग्र पत्रव्यवहार आहे, त्यामुळे तो बंद पडावा असं वाटणारे सभासदही काही कमी नाहीत. थंडीत तो सकाळी उठत नसे. वॉचमन दादांनी यावर एक विधी बसवला होता. आधी भिंतीवरचा स्विच चालू करायचा, मग सगळे जिने फिरून पाण्याचे पंप लावून यायचं, मग डब्याचं बटण पाच-सहा वेळा दाबायचं. शेवटच्या एखाद्या दाबण्याला तो डोळे उघडायचा. समितीतले सुशिक्षित याला अंधश्रद्धा म्हणत. तसं ते नव्हतं. एसएमपीएसमधले आणि मदरबोर्डावरचे कपॅसिटर जुने झाले की त्यांच्यातलं द्रव आटतं, काहींची टोपी फुगते, आणि गारठ्यात ते आणखीच आळशी होतात. जरा ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत तर निकृष्ट द्रवाच्या कपॅसिटरांची साथच आली होती. जगभरचे मदरबोर्ड त्यानं फुगून बसले होते. दादांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण निदान आणि उपचार दोन्ही त्यांचेच बरोबर होते. फक्त अशा दुखण्याचा स्वभाव असा, की दाबण्यांची संख्या हळूहळू वाढत जाते. एका सकाळी दादा दाबत राहिले, पंखा फिरत राहिला, आणि पडदा काही उजळला नाही.

मग समिती जमली. समिती जमायला कोरम लागतो असं उपविधीत म्हटलंय. बिघडलेल्या संगणकाभोवती तो आपोआप होतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले बी विंगमधले काका टेस्टर घेऊनच आले. त्यांनी प्लगच्या तिन्ही भोकांत टेस्टर घालून "अर्थिंग नाही" असं जाहीर केलं. ते इस्त्री बिघडली तरी हेच म्हणतात, आणि खेदाची गोष्ट अशी, की अर्थिंग खरोखरच नाही. अध्यक्ष म्हणाले, "व्हायरस असणार." पडदाच लागत नाही, विंडोजचा पत्ता नाही, तिथे व्हायरस कुठून कडमडेल, असा प्रश्न त्यांना विचारण्याची प्रथा नाही. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानं डब्याकडे पाहिलंही नाही. मोबाइलवरून नजर न काढता "एसएसडी टाका" म्हणाला. खजिनदारांनी रोगाचं नावही न विचारता आकडा विचारला. कुणीतरी सांगितलं, वायर काढा, मग बटण तीस सेकंद दाबून ठेवा, आत साठलेली वीज निघून जाते. हा उपाय खरा आहे आणि लॅपटॉपच्या कंपन्याही तो सांगतात. पण तीस मोजायला तिघं एकदम लागले आणि अठ्ठावीसला वाद झाला.

या गदारोळात, अगदी सुरुवातीलाच, तळमजल्यावरच्या ताई एक वाक्य बोलल्या होत्या. त्या एमएस-सीआयटी झालेल्या आहेत, आणि बिलं प्रत्यक्षात त्याच काढतात. त्या म्हणाल्या, "मॉनिटरची केबल आधी दुसऱ्या संगणकाला लावून बघूया का?" प्रश्न इतका बिनखर्ची होता की तो कुणाला ऐकूच गेला नाही. तासाभरानं काकांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली आणि तिचं कौतुक झालं. केबल चांगली होती. पण त्यामुळे मॉनिटर वादातून बाहेर पडला, आणि निदान म्हणतात ते एवढंच असतं : एकेकाला निर्दोष सोडत जायचं. आपल्या लोकांना हे जमत नाही, कारण आपल्याला पहिल्यांदा आरोपी हवा असतो. "शेवटचं कोण बसलं होतं यावर?" हा प्रश्न मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक बिघाडात विचारला गेला आहे, आणि त्याच्या उत्तरानं एकही संगणक चालू झालेला नाही.

अखेर दुरुस्तीवाला मुलगा आला. या मंडळींचा एक ठरलेला क्रम असतो आणि तो पाहण्यासारखा असतो. आधी डब्याची बाजू उघडायची, मग "बापरे" म्हणायचं. बापरे म्हटल्यावर दर वाढतो असं खजिनदारांचं मत. मग रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर नटराजचं खोडरबर फिरवायचं. शास्त्री लोक याला नाकं मुरडतात; ते म्हणतात आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, खोडरबरानं मुलामा झिजतो. त्यांचं बरोबर आहे. पण पावसाळ्यात जिथे पापड सादळतात तिथे रॅमचे दातही मळतात, आणि खोडरबर पाच रुपयांत कोपऱ्यावर मिळतं. शिवाय निम्म्या वेळा गुण खोडरबराचा नसतोच. पट्टी काढून पुन्हा नीट बसवली, हाच उपचार असतो. नंतर मुलानं एसएमपीएसच्या चोवीस पिनांच्या जोडातली हिरवी तार आणि काळी तार वायरच्या तुकड्यानं जोडली. मदरबोर्डाला न विचारता एसएमपीएस जागा करायची ही युक्ती. पंखा फिरला, पण तो धड जागा झाला नाही. त्यानं तो उघडला, आणि आतून एक पाल निघाली. केव्हाची तरी, वाळून पुठ्ठा झालेली.

दुरुस्ती तिथेच थांबली. पाल हा आपल्याकडे तांत्रिक विषय नाही. पंचांगात पल्लीपतनाची फळं दिलेली असतात. डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय. एसएमपीएसवर पडली तर काय, हे कुठेच नाही. अध्यक्षांनी ते पूर्ण सोसायटीला लागू होईल की फक्त पदाधिकाऱ्यांना, असा मुद्दा काढला. "साहेब, हिनं शॉर्ट केलंय," एवढंच मुलगा म्हणाला आणि त्यानं पिशवीतून दुसरा एसएमपीएस काढला.

पडदा उजळला. टाळ्या झाल्या. आणि मग दिसलं की तारीख काही वर्षं मागच्या १ जानेवारीला जाऊन बसली आहे. मदरबोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. हा आकडा म्हणजे त्याचं मापच : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तीन व्होल्टचा हा सेल वीज नसतानाही घड्याळ चालवतो, आणि तो संपला की संगणक भूतकाळात राहायला जातो. एरवी याचा त्रास एवढाच होतो, की ब्राउझर कुठलीही साइट उघडायला नकार देतो. वेबसाइटांची प्रमाणपत्रं त्याच्या हिशेबानं अजून निघालेलीच नसतात. इथे मात्र वेगळाच पेच. मेंटेनन्स थकवणाऱ्याकडून सरळ व्याज घ्यायची तरतूद आदर्श उपविधीत आहे, आणि आमचं बिलांचं सॉफ्टवेअर ते आजच्या तारखेवरून काढतं. आजची तारीखच मागे गेल्यानं सगळी थकबाकी नाहीशी झाली. इतकंच नाही, नियमित भरणाऱ्यांनी कित्येक वर्षांचे आगाऊ पैसे भरल्याचं दिसू लागलं. ए विंगमधल्या एका ज्येष्ठ थकबाकीदारांनी सेल बदलण्याआधी सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी, अशी लेखी सूचना दिली. खजिनदारांनी ती वाचायच्या आतच सेल स्वतःच्या खिशातून पैसे देऊन आणवला. त्यांनी स्वखुशीनं केलेला हा पहिलाच खर्च असावा.

पडदा लागल्यावर सगळं संपतं असं ज्यांना वाटतं ते सुखी. यंत्राची हजेरी संपली की विंडोजची सुरू होते, आणि तिथली आशा आणखी वरच्या दर्जाची. पूर्वी सुरू होताना एफ-एट दाबत राहिलं की सेफ मोड मिळायचा. २०१२ साली विंडोज ८ आलं ते इतक्या झटपट सुरू होऊ लागलं, की ती कळ पकडायला सेकंदाचा पाचवा हिस्साही उरेना. म्हणून ती वाट मुळातच बंद ठेवण्यात आली. आता दुरुस्तीच्या पडद्यापर्यंत पोचायचं तर संगणक सलग दोन-तीनदा सुरू होता होता पडावा लागतो. आणि तो शहाण्यासारखा पडत नसेल, तर अर्ध्यातच बटण दाबून आपणच पाडायचा. मग त्याला आपली प्रकृती ठीक नसल्याची खात्री पटते. "स्वयंचलित दुरुस्तीची तयारी करत आहे," असं तो सांगतो, बराच वेळ ठिपके फिरवतो आणि शेवटी कळवतो की स्वयंचलित दुरुस्तीला तुमचा संगणक दुरुस्त करता आला नाही. सरकारी कामाची सवय असलेल्या माणसाला यात नवीन काही वाटत नाही.

त्याच काळापासून आणखी एक लबाडी सुरू झाली आहे. 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण झोपत नाही. आपल्या गाभ्याचं चित्र डिस्कवर ठेवून देतं आणि सकाळी तेच उचलून सुरू होतं. म्हणजे कालचा घोळ आज जसाच्या तसा. खरी कोरी सुरुवात हवी असेल तर 'रिस्टार्ट' म्हणावं लागतं. तेव्हा रोज रात्री शिस्तीनं संगणक बंद करणाऱ्या गृहस्थांना टेक्निशियन फोनवर "रिस्टार्ट मारा" म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो. आणि काही लॅपटॉप तर एखाद्या सकाळी निळ्या पडद्यावर डिस्कच्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकड्यांची किल्ली मागतात. ती कुठे मिळेल हेही तिथेच लिहिलेलं असतं : दुसऱ्या एखाद्या यंत्रावरून इंटरनेटवर जाऊन बघा.

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी १९ जुलै २०२४चा शुक्रवार आठवावा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होता पडू लागले. पडले की पुन्हा सुरू, सुरू की पुन्हा पडले. विमानं अडकली, आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय काय, तर एकेका यंत्रापाशी माणसानं जायचं, सेफ मोडमध्ये शिरायचं आणि एक फाइल पुसायची. मायक्रोसॉफ्टनं आपल्या क्लाउडवरच्या यंत्रांसाठी आणखी एक तोडगा कळवला : पुनःपुन्हा रिस्टार्ट करून बघा, काही ग्राहकांना पंधरा वेळा करावं लागलं आहे. मी ही बातमी वॉचमन दादांना वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "मधे पंप लावून आले होते का?"

आमचा संगणक सध्या चालू आहे. नव्या एसएमपीएसनं, नव्या सेलनं की खोडरबरानं, यावर एकमत नाही. काकांचं म्हणणं त्यांनी प्लग उलटा केला म्हणून. एकमत आहे ते एवढ्यावरच, की तो आता बंद करायचा नाही. पडद्याच्या वर सचिवांच्या सहीनिशी पाटी लागली आहे : "संगणक चालू स्थितीत आहे. कोणीही, कोणत्याही कारणास्तव, बंद करू नये." अपडेटची खिडकी उघडते तेव्हा ताई ती "नंतर आठवण करा" म्हणून परत पाठवतात. या व्यवस्थेनं सगळं सुरळीत चाललं असताना काल वीज कंपनीचा मेसेज आला, की देखभालीच्या कामासाठी येत्या गुरुवारी सकाळी नऊ ते पाच पुरवठा बंद राहील. यूपीएस दहा मिनिटं धरतो. सचिवांनी आज संध्याकाळी तातडीची सभा बोलावली आहे. विषय क्रमांक एक, एका दिवसासाठी जनरेटर भाड्यानं घेणे. खजिनदारांनी विरोध कळवला आहे, ज्येष्ठ थकबाकीदारांनीही.